‘शिळ्या कढी’बद्दल दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार.

आमच्या रेकॉर्डच्या दुकानाला ऑनलाइन अभिप्रायात तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आमच्याकडून तुम्ही ब्राइट आइज या अमेरिकन बँडची ‘फीव्हर्स अँड मिरर्स: अ कम्पॅनियन’ ही रेकॉर्ड नेलीत. अडीच हजार मोजलेत. घरी जाऊन बघता तर गाणी सहाच, ‘तीही सगळी यांचीच जुनी’. म्हणजे शिळ्या कढीला ऊत. टेलर स्विफ्टने जुने अल्बम पुन्हा गायले, ते खपले, म्हणून यांनीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. वर रेकॉर्ड खरखरते, आणि आम्ही ती परत घेत नाही. ‘मी कुमार गंधर्वांच्या रेकॉर्डी जमवणारा माणूस आहे, मला संगीत शिकवू नये’ असंही बजावलंत. शिकवत नाही. पण ‘फसवणूक’ हा शब्द चारचौघांत वापरलात, तेव्हा उत्तरही चारचौघांतच द्यावं लागतंय.

आधी धंद्याचं उरकतो. या रेकॉर्डच्या प्लास्टिकच्या कव्हरवर आमच्या हस्ताक्षरात चिठ्ठी आहे: ‘६ गाणी. मूळ अल्बम नव्हे.’ मूळ अल्बम तिच्याच मागे, त्याच कप्प्यात होता. काउंटरवर मी तोंडीही सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही फोनवर होता आणि हातानेच ‘बिल करा’ अशी खूण केलीत. सील फोडलेली रेकॉर्ड बनवतानाचाच दोष असेल तरच परत घेतो. हे बिलावर आहे आणि भिंतीवरही आहे.

आता खरखर. तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्यासमोरच दुकानातल्या टर्नटेबलवर दोन्ही बाजू पूर्ण वाजवल्या. कुठेही अडकली नाही, कुठेही खरखरली नाही. तुम्हीही मान डोलावलीत. मग मोबाइलवर तुमच्या प्लेअरच्या पिनेचा फोटो दाखवलात. पिनेच्या टोकाला राखाडी धुळीचा गोळा चिकटलेला स्पष्ट दिसत होता. तो सुटकेससारखा मिटणारा प्लेअर आहे. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज (पिन जिथे बसते तो भाग) असतं आणि ते रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमचा दाब देतं. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतं. पिनेवर बारीक ब्रश मागून पुढे फिरवा, आडवा नको, आणि पुन्हा ऐकून बघा. ब्रश आम्ही विकतो, पण कुठलाही मऊ, कोरडा ब्रश चालेल.

किमतीचं म्हणाल, तर रेकॉर्ड बनवणारा कारखाना गाणी मोजून पैसे घेत नाही. साचा तेवढाच, प्लास्टिक तेवढंच, जॅकेट तेवढंच. विमानाचं भाडं वजनावर, कस्टम्स आणि जीएसटी किमतीवर. बाजू छोटी असली की खाचा ऐसपैस कापता येतात आणि आवाज मोकळा येतो, हा उलट फायदाच. पण सहा गाण्यांची रेकॉर्ड अर्ध्या किमतीत मिळावी ही अपेक्षा मला कळते. मलाही आवडलं असतं.

आता मुद्द्याचं.

पहिली गोष्ट, सहाही गाणी ‘यांचीच’ नाहीत. पाच यांची आहेत. सहावं ललबाय फॉर द वर्किंग क्लास या बँडचं आहे. ब्राइट आइजमधला माइक मोगिस आधी त्याच बँडमध्ये वाजवायचा. तेव्हा रेकॉर्डची दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकलीत की नाही, असा प्रश्न मला पडला आहे.

दुसरी गोष्ट, टेलर स्विफ्ट. तिच्या पहिल्या सहा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क २०१९ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेले. म्हणून २०२१ पासून तिने त्यातले अल्बम जसेच्या तसे पुन्हा गाऊन बाजारात आणायला सुरुवात केली. लोकांनी जुनं बाजूला ठेवून नवं ऐकावं, हाच हेतू होता, आणि म्हणून ते मुळाच्या जितकं जवळ जाईल तितकं बरं. इथे सगळा मामला उलटा आहे. ब्राइट आइजचे जुने नऊ अल्बम डेड ओशन्स या कंपनीने पुन्हा बाजारात आणले, आणि प्रत्येकाच्या जोडीला बँडने ‘कम्पॅनियन’ म्हणजे सोबतीची, सहा गाण्यांची एकेक रेकॉर्ड केली. पहिल्या तीन २७ मे २०२२ ला आल्या, त्यातलीच ही एक. मूळ अल्बम शेजारीच विकायला असताना त्याची जागा घ्यायची गरजच नाही. म्हणून तर यांना गाणी हवी तशी उलटीपालटी करता आली.

आणि ती का करावीशी वाटली असतील, हे समजायला मूळ अल्बम कुणी केला ते बघावं लागतं. ब्राइट आइजचा गायक कॉनर ओबर्स्ट हा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला मुलगा, जन्म १९८०चा. बारा-तेराव्या वर्षापासून घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी टिपायचा. ‘फीव्हर्स अँड मिरर्स’ २००० साली ओमाहाच्याच सॅडल क्रीक या छोट्या कंपनीने काढला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आवाज थरथरतो, ओळीच्या शेवटी फाटतो, कधी सरळ किंचाळतो. त्या वयात आपलं दुःख जगात एकमेव असतं, तसंच ते त्या अल्बमभर आहे. आणि गंमत म्हणजे हे त्यालाही कळत होतं. अल्बमच्या शेवटाकडे एका गाण्याला जोडून रेडिओवरची खोटी मुलाखत आहे. त्यात ‘कॉनर’ म्हणून बोलणारा कॉनर नाहीच, त्याचा मित्र, द फेंट या बँडचा टॉड फिंक आहे. बालपणातल्या शोकांतिकांबद्दल विचारलं की तो इतक्या अचाट थापा मारतो की ऐकणाऱ्याने हसावं की गंभीर व्हावं कळत नाही. विसाव्या वर्षी स्वतःच्या रडगाण्याची टोपी उडवून ते तसंच विकायला ठेवणारा हा माणूस आहे.

आता ‘हालाय, हालाय, अ लाय, हालाय’ घ्या. तुमच्या मते ‘तेच गाणं, फक्त एक बाई वाढवली’. फोनवरून सुरू होणारं प्रेमभंगाचं गाणं आहे ते. मूळ गाण्यात मुलगा एकटाच बोलतो. त्याचीच कैफियत, त्याचाच त्रागा. जिच्याबद्दल हे सगळं चाललंय तिचा आवाज कुठेच नाही. कम्पॅनियनमध्ये तेच शब्द गायिका फीबी ब्रिजर्स त्याच्याबरोबर म्हणते. शब्द बदलत नाहीत, पण ती एका माणसाची तक्रार राहत नाही. मूळ अल्बम आला तेव्हा ब्रिजर्स पाच वर्षांची होती. पुढे २०१९ मध्ये दोघांनी बेटर ऑब्लिव्हियन कम्युनिटी सेंटर या नावाने एक अख्खा अल्बम केला, तेव्हा दोन आवाजांची ही सवय अचानक उपटलेली नाही. ओबर्स्टचा आवाज आता खाली उतरलाय, किंचाळी जवळपास गेली आहे. मधल्या काळात लग्न मोडलं, थोरला भाऊ वारला. त्याचा परिणाम म्हणून आवाज असा झाला, असलं काही मी म्हणत नाही, सिगरेटींनीही होतो. पण बेचाळीस वर्षांच्या माणसाने विसाव्या वर्षीचा त्रागा जसाच्या तसा केला असता, तर मीच तुमच्या आधी एक तारा दिला असता.

तुम्ही कुमारांचं नाव काढलंत, म्हणून विचारतो. त्यांचं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ तुमच्या संग्रहात असणारच. नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, गाणी त्यांच्याच तबकड्यांवर उपलब्ध होती, मग कुमारांनी ती कशाला गायली? त्यांना तुम्ही शिळी कढी म्हणाला नसता. तिथे निदान गाणं दुसऱ्याचं होतं, आदराने अंतर राखता येत होतं. इथे स्वतःच्याच जुन्या ओळींसमोर उभं राहायचं आहे, आणि त्यातल्या काही ओळी आता लाज आणणाऱ्या असणार. हे काम मला तरी जास्त अडचणीचं वाटतं.

नऊच्या नऊ कम्पॅनियन सारख्या जमल्यात, असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी वाद्यं इतकी नीटनेटकी झालीत की मूळचा कच्चा बेसूरपणा आठवतो आणि त्याचीच उणीव भासते. तुम्हाला तसं वाटलं असेल तर ते मत आहे आणि मला मान्य आहे. तसं लिहिलं असतंत तर हे उत्तर दोन ओळींत संपलं असतं.

आता व्यवहार. रेकॉर्ड परत घेता येणार नाही, कारण तिच्यात दोष नाही. पण तुम्हाला ती नकोच असेल तर आमच्या जुन्या रेकॉर्डींच्या कप्प्यात तुमच्या नावाने विकायला ठेवतो. विकली गेली की पैसे तुमचे, त्यात आम्ही काही कापणार नाही. ही सोय सगळ्याच गिऱ्हाइकांना आहे. मूळ ‘फीव्हर्स अँड मिरर्स’चा एक नग अजून शिल्लक आहे. हवा असेल तर येऊन दुकानातच ऐका, घेतलाच पाहिजे असं नाही. सोमवारी दुकान बंद असतं. बाकीचे दिवस सकाळी अकरा ते रात्री आठ, आणि पुण्यात असूनही दुपारी उघडं असतं. येताना तुमच्या प्लेअरची पिन काढून आणा, साफ करून देतो.