कार्ट्रिज उकळून प्लॉटर चालू होत नसतो

सध्या मराठवाड्यातल्या झेरॉक्सवाल्यांच्या, फ्लेक्सवाल्यांच्या आणि सिव्हिल इंजिनिअरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्लॉटरबद्दल, म्हणजे मोठे नकाशे छापणाऱ्या प्रिंटरबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते असं: प्लॉटरवर रेघा तुटायला लागल्या म्हणजे कार्ट्रिज चोक झालं. ते उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. नाही सुटलं तर थिनर किंवा सॅनिटायझर लावा. तरी नाही तर सिरिंजने दाब द्या, मग निघेपर्यंत क्लीनिंग, म्हणजे मशीनची स्वतःची साफसफाई, मारत राहा. रात्री मेन स्विच बंद ठेवा म्हणजे शाई वाळत नाही. आणि हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, खपावं म्हणून कंपन्याच हे मुद्दाम घडवून आणतात. खाली ठळक अक्षरात, ‘मेकॅनिकला पैसे घालवू नका’.

मी तोच मेकॅनिक. नांदेड, परभणी, लातूर या पट्ट्यात प्लॉटर आणि फ्लेक्सच्या मशिनी दुरुस्त करतो. तेव्हा हा पोटासाठी बोलतोय, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. खरं तर हे उपाय केलेल्या मशिनींनीच माझं काम वाढतं. पोटाकडे बघितलं तर मी गप्प बसायला हवं.

पहिली गोष्ट, चोक होतं ते बहुतेक वेळा कार्ट्रिज नसतंच. घरच्या छोट्या प्रिंटरच्या ६७८ किंवा ८०२ नंबरच्या कार्ट्रिजला खालीच नोझलची, म्हणजे शाई सुटायच्या बारीक छिद्रांची, पट्टी असते. एचपीच्या जुन्या डिझाइनजेट ७५०सी प्लॉटरलाही तसलंच, ४५ नंबरचं काळं कार्ट्रिज लागायचं. तिथे कोमट पाण्याने भिजवलेल्या कापडावर ते मिनिटभर टेकवलं की काळा डाग उमटतो आणि पुष्कळदा काम भागतं. हे मान्य. मेसेजचं मूळ तिथलंच असणार. पण आज दुकानांत दिसणाऱ्या टी १२० आणि टी ५२० या डिझाइनजेटमध्ये ७११ नंबरचं कार्ट्रिज म्हणजे नुसता शाईचा साठा आहे, हेड वेगळं बसतं. त्याआधीच्या ५०० आणि ८०० मॉडेलला १० आणि ८२ नंबरची शाई लागते, आणि ११ नंबरची चार हेडं, रंगाला एक. कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्लॉटरलाही हेड वेगळंच असतं, एप्सनला तर ते मशिनीतच बसवलेलं असतं. अशा मशिनीचं कार्ट्रिज उकळणं म्हणजे खालचा नळ तुंबला म्हणून गच्चीवरची टाकी घासणं. शिवाय कार्ट्रिजवर चिप असते. ती भिजली की मशीन कार्ट्रिज ओळखतच नाही, आणि शाई भरलेलं चांगलं कार्ट्रिज कचऱ्यात जातं.

आता ‘रेघ तुटली म्हणजे चोक’ हे. इथे जरा थांबतो, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. नोझल चेक, म्हणजे सगळ्या नोझलच्या चाचणीची पट्टी, दोनदा काढा, मध्ये काहीही न करता, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. दोन्हींवर त्याच जागी तेच तुकडे गायब असतील तर नोझल बंद आहे किंवा जळालेलं आहे. पहिल्या कागदावर निळ्याचं टोक गायब आणि दुसऱ्यावर निळ्याचाच मधला भाग, तर ते चोक नव्हे. शाई पुरत नाही: नळीत हवा आहे, डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) गेला आहे, नाहीतर कार्ट्रिज नीट बसलेलं नाही. सुरुवातीला रंग पूर्ण येतो आणि दोन फूट कागद निघाल्यावर फिका पडतो, तेही तेच. क्लीनिंगनंतर आणखीच वाईट झालं तर कॅपकडे बघा. हेड ज्या रबरी कॅपवर जाऊन बसतं, तिच्या कडेला वाळलेल्या शाईचा थर आणि कापूस झालेली धूळ असते. मग कॅप हवा धरत नाही आणि पंप शाईऐवजी हवा ओढतो. कॅपमध्ये चार थेंब शुद्ध पाणी टाकून क्लीनिंग लावा. पाणी तसंच उरलं तर दोष पंपाकडे किंवा त्याच्या नळीकडे आहे. हेडला हात लावायचं कारणच नाही.

पाणी कुठलं, हे मेसेज सांगतच नाही, आणि आपल्याकडे हाच प्रश्न मोठा. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दुकानात बोअरचं पाणी असणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चालतात, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत. पिणाऱ्याला चालतात, केसापेक्षा बारीक नोझलला नाही. ते पाणी वाळलं की मागे पांढरा क्षार उरतो, आणि तो शाईसारखा पुन्हा पाण्यात सुटत नाही. आरओच्या जारमधलं पाणी बरं, पण त्यातही क्षार शून्य नसतात. मेडिकलवर इंजेक्शनसाठीचं स्टराइल वॉटर मिळतं, ते घ्या. लेबल मात्र वाचून. परभणीत एका दुकानात पोराने ‘इंजेक्शनचं पाणी’ म्हणून सलाइनची बाटली आणली होती आणि मालकांनी तिनेच हेड पुसलं होतं. सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. हेडच्या पितळी रंगाच्या संपर्कपट्टीवर हिरवट डाग चढले होते. पाणी कोमट हवं, बोट सहज बुडवता येईल इतकंच. उकळत्या पाण्याने हेडमधला चिकट जोड सुटतो आणि आतली हवा फुगून रंग एकमेकांत शिरतात.

थिनर आणि सॅनिटायझरचं लवकर आटोपतो. थिनर प्लास्टिक खातो. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलसोबत जेल आणि ग्लिसरीन असतं, ते नोझलवर चिकटून बसतं. पिगमेंटची शाई म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेले रंगाचे कण. जास्त अल्कोहोल लागलं तर ते कण एकत्र येऊन गुठळी होते. फ्लेक्सवाल्यांनी आपल्या मशीनचा फ्लश, म्हणजे हेड धुवायचं द्रावण, शेजारच्या प्लॉटरला उसना देऊ नये. फ्लेक्सची शाई सॉल्व्हेंटची, म्हणजे थिनरसारख्या द्रवातली, प्लॉटरची पाण्याची. एकीचं औषध दुसरीला विष. उलटही खरं, सॉल्व्हेंटच्या हेडात पाणी गेलं तर तिथे शाई दह्यासारखी फाटते.

सिरिंजने दाब. द्यायचाच असेल तर मऊ नळी लावून, अंगठ्याने नव्हे, पाण्याच्या वजनानेच उतरू द्यावं. जोर लावला की दोन रंगांमधला आतला पडदा फाटतो आणि पिवळ्यात काळा दिसायला लागतो. तो पुन्हा कधीच निघत नाही. एप्सनच्या जातीच्या हेडला आणखी एक धोका: वर लागलेल्या चपट्या केबलच्या तोंडात एक थेंब गेला आणि मशीन चालू केली, तर हेडसोबत मेन बोर्डही जातो. केबल काढायच्या आधी प्लग काढा, आणि जोडण्याआधी पूर्ण वाळू द्या.

‘क्लीनिंग मारत राहा.’ एचपी आणि कॅननच्या हेडात प्रत्येक नोझलमागे चिमुकला हीटर असतो. शाई क्षणभर उकळते, बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. शाईच येत नसताना तो हीटर पेटत राहिला तर जळतो. एप्सनमध्ये हीटर नसतो, स्फटिक वाकून थेंब ढकलतो, तिथे जळत नाही, पण प्रत्येक क्लीनिंगला शाई वेस्ट टँकमध्ये, म्हणजे वाया शाईच्या डब्यात, जाते. तो भरला की मशीन अडून बसते. दोन-तीनदा करून फरक नसेल तर रात्रभर तसंच सोडा. वाळलेली शाई वेळाने मऊ होते आणि हवेचे बुडबुडेही वर निघतात.

कंपन्यांच्या डावाबद्दल अर्धं खरं आहे. चिपची कुलपं, मुदत संपल्याचे इशारे, हेडच्या किमती, याचा राग मलाही येतो. हेड हैदराबादहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मागवावं लागतं तेव्हा तर जास्तच. पण शाई वाळते ती कुणाच्या डावाने नव्हे. डिझाइनजेटला हवेत २० ते ८० टक्के आर्द्रता आणि ४० अंशांपर्यंत तापमान लागतं. मे महिन्यात परभणीच्या पत्र्याच्या दुकानात दुपारी यातलं काहीच नसतं. त्यात कूलरचं तोंड थेट मशीनकडे.

आणि मेन स्विच. मशीन बटणाने बंद केली की हेड कॅपवर जाऊन बसतं, मग वीज जाते. मेन स्विच पाडला तर हेड जिथे असेल तिथे, कधी कधी कागदावर उघडंच राहतं. प्रिंट चालू असताना लाइट गेली तरी हेच होतं, म्हणून प्लॉटरला छोटा यूपीएस लावा, निदान हेड जागेवर जाईपर्यंत तरी पुरेल असा. एचपी आणि कॅननच्या मशिनी चालू ठेवल्या तर झोपेतही मधूनमधून आपलं हेड आपणच तपासतात, त्याला लागणारी वीज किरकोळ. बांधकाम परवान्याचे नकाशे ऑनलाइन जायला लागल्यापासून कित्येक प्लॉटर आठवडा-आठवडा रिकामे असतात. त्यांनी दर तीन-चार दिवसांनी सगळ्या रंगांची एक वीतभर पट्टी काढावी. उरलेल्या रोलचा तुकडाही चालतो.