वीस सेंटची चकती, आणि पुढचं सगळं

दर काही महिन्यांनी ‘पेपरफ्यूज’चा, म्हणजे रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या कागदी भिंगरीचा, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर नव्याने उगवतो. कागदाची चकती, दोरा, दोन टोकांना मुठी, आणि खाली ओळ: ‘खेळण्यातून मलेरियाचं निदान! जुगाड असावा तर असा!’

मला हे कौतुक खटकतं. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांना (मूळचे मेरठचे, शिक्षण आयआयटी कानपूर) युगांडातल्या एका दवाखान्यात सेंट्रिफ्यूज (नमुना गरागरा फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं विजेवरचं यंत्र) दार अडवायला ठेवलेलं दिसलं. वीजच नाही, तर करणार काय त्याचं? मग शोध सुरू झाला. सोड्याच्या बाटलीचं बूच ठोकून चपटं करायचं, दोन भोकांतून दोरा ओवून ओढायचा, हा खेळ आपणही खेळलोय. पण प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने दोऱ्यावर पीळ आणि पिळावर पीळ कसा चढतो ते टिपलं, त्याचं गणित मांडलं. तेव्हा कुठे २ ग्रॅमची चकती मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत गेली. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. रक्तातला प्लाझ्मा (पेशी सोडून उरणारा द्रव) दीड मिनिटात वेगळा, खर्च फक्त २० सेंट. याला जुगाड म्हणायचं?

आता दुसरी बाजू. मलेरियाचे जंतू वाढलेल्या तांबड्या पेशी इतर तांबड्या पेशींपेक्षा हलक्या असतात. केसासारख्या बारीक नळीत रक्त फिरवलं की त्या तांबड्या थराच्या वरच्या कडेला गोळा होतात. जंतू कमी असले तरी सापडायची शक्यता वाढते. यालाही चकती पंधराएक मिनिटं हाताने फिरवावी लागते. आणि एवढं करून हातात येतो तो फक्त तयार नमुना. जंतू बघायला रंगद्रव्य, योग्य सूक्ष्मदर्शक आणि मुख्य म्हणजे सरावलेली नजर लागतेच. त्यांचा खर्च त्या २० सेंटमध्ये कोणी धरत नाही.

गडचिरोलीत आशाताई बोटाला टोचून किटवर तपासणी करतात, पंधरा-वीस मिनिटांत निकाल. मग चकती कशाला? तर जंतू फारच कमी असले की किट चुकू शकतं. शिवाय फाल्सिपॅरम या जातीच्या काही मलेरिया-जंतूंमध्ये किट जे प्रथिन शोधतं त्याचं जनुकच नसतं. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची स्लाइड बघावी लागते; चकतीचा उपयोग झाला तर इथेच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. अशा वेळी स्लाइड वाचणारा टेक्निशियन पुराच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर तापाने फणफणलेल्या पोराचे उपचार अवलंबून. व्हिडिओ जरूर फॉरवर्ड करा, पण आपल्या आमदाराला त्या टेक्निशियनबद्दलही विचारा.