‘वितरण म्हणजे छोटं पारेषणच’ हे समीकरण का चुकतं

विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: पारेषणाचं, म्हणजे उच्चदाबाने दूरवर वीज नेणाऱ्या जाळ्याचं, विश्लेषण येत असेल तर वितरणासाठी, म्हणजे ग्राहकांपर्यंत वीज पोहोचवणाऱ्या जाळ्यासाठी, वेगळं काही शिकायला नको. तारांचा रोध सोडा, एकच फेज धरा, ग्राहकांच्या जोडभाराची (सगळ्या जोडलेल्या उपकरणांच्या क्षमतेची) बेरीज करून ती फीडरच्या, म्हणजे वितरण वाहिनीच्या, टोकाला लावा, सरासरी भारावरून हानी काढा. वितरणात यातली एकही पायरी टिकत नाही.

‘रोध सोडला तरी चालतो.’ अतिउच्चदाब वाहिनीत रिॲक्टन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा विरोध) रोधाच्या कितीतरी पट असतो, म्हणून तिथे चालतं. ९५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या लघुदाब केबलचा रोध २० अंश सेल्सियसला ०.३२ ओहम प्रति किलोमीटर, ७० अंशाला सुमारे ०.३८५, रिॲक्टन्स साधारण ०.०७५. म्हणजे पारडं उलटं. ३०० मीटरवर १०० अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर दर फेजला व्होल्टेजमध्ये सुमारे ११.४ व्होल्ट घट येते. रोध वगळला तर उत्तर येतं १ व्होल्ट! पारेषणातली फास्ट डीकपल्ड ही भारप्रवाह काढण्याची पद्धत इथे अडखळते तीही याच कारणाने. रेडियल, म्हणजे एकाच उगमातून पुढे जाणाऱ्या, फीडरला बॅकवर्ड-फॉरवर्ड स्वीप घ्यावी: टोकाकडून मागे येत प्रवाहांची बेरीज, मग उगमाकडून पुढे जात प्रत्येक नोडचं व्होल्टेज, फरक नगण्य होईपर्यंत.

‘एक फेज पुरे.’ एक-फेजी मॉडेल तिन्ही फेज समान मानतं. प्रत्यक्षात तीन फेजवर १००, ६० आणि ४० अँपिअर असतील आणि पॉवर फॅक्टर सारखाच असेल, तर न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, सुमारे ५३ अँपिअर वाहतात. एका फेजच्या मॉडेलमध्ये हा प्रवाह, त्याची घट आणि त्याची हानी, काहीच दिसत नाही. म्हणून फेज व न्यूट्रल यांचे स्वतःचे आणि परस्पर इम्पिडन्स (रोध आणि रिॲक्टन्स मिळून) घ्यावे लागतात; उपरी वाहिनीसाठी १९२६ची कार्सन समीकरणं जमिनीतून परतणारा प्रवाहही धरतात. पुढे क्रॉन रिडक्शनने या इम्पिडन्सच्या सारणीतून न्यूट्रलची ओळ काढून टाकतात. मात्र त्यात न्यूट्रल दोन्ही टोकांना भूविभवावर, म्हणजे जमिनीच्याच व्होल्टेजवर, आहे, असं गृहीत असतं. अर्थिंग कमकुवत असेल किंवा न्यूट्रल तुटण्याचा अभ्यास असेल, तर ही कपात करूच नये. न्यूट्रल तुटल्यावर कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज चढतं आणि उपकरणं जळतात. नेमकं हेच कपात केलेलं मॉडेल लपवतं.

‘जोडभाराची बेरीज घ्या.’ सगळं एकाच वेळी चालू नसतं. जोडभार गुणिले डिमांड फॅक्टर म्हणजे त्या ग्राहकाची कमाल मागणी. या कमाल मागण्याही एकाच वेळी येत नाहीत, म्हणून त्यांच्या बेरजेला डायव्हर्सिटी फॅक्टरने भागलं की ट्रान्सफॉर्मरवरची कमाल मागणी मिळते.

‘भार टोकाला लावा.’ फीडरभर सारखा पसरलेला भार टोकाला ठेवला की घट दुप्पट आणि हानी तिप्पट येते. घटीसाठी तो निम्म्या अंतरावर ठेवावा, हानीसाठी उगमापासून एक तृतीयांशावर. एकच जागा दोन्हीला लागू पडत नाही, हे सर्रास विसरलं जातं.

‘सरासरीवरून हानी निघते.’ हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लोड फॅक्टर, म्हणजे सरासरी भार भागिले कमाल भार, ०.५ असताना लॉस फॅक्टर, म्हणजे सरासरी हानी भागिले कमाल भाराची हानी, ०.२५ ते ०.५ यांच्या दरम्यान असतो. सरासरी प्रवाहाचा वर्ग नेमका खालची मर्यादा देतो, म्हणून हानी कमी दिसते. तासागणिक भार हाताशी असेल तर प्रत्येक तासाचा प्रवाह वर्ग करून बेरीज घ्यावी, लॉस फॅक्टरच्या अंदाजाची गरजच उरत नाही.