सामना आधी संपू द्या, मग हार घाला

आज सकाळी सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर गाडी थांबवली आणि समोरचा डिजिटल बोर्ड बघून डोकंच फिरलं. निळी जर्सी घातलेले एक भावी लोकप्रतिनिधी, हातात बॅट, चेहऱ्यावर असा भाव की आत्ता बॉल मैदानाबाहेर जाणार. वर मोठ्या अक्षरात, खेळाडूंचा हक्काचा माणूस. तो फोटो मी लगेच ओळखला, कारण त्या रात्री मी तिथं होते. समोरून बॉल टाकणारा पोरगा माझा भाचा आहे. शुभेच्छुकांच्या गोल गोल फोटोंखाली त्याचं तोंड झाकून गेलंय. फक्त उजवा हात दिसतो, तोही कोपरापर्यंत.

आता त्या रात्रीचं सांगतेच. टेनिस बॉल क्रिकेटचे नाइट सामने होते, फायनल. भाचा दिवसभर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात असतो, सुटला की थेट ग्राउंडवर. शेवटची ओव्हर त्याच्याकडं, समोरच्यांना नऊ पाहिजेत, आणि पहिल्या दोन बॉलवर त्यानं दोन विकेट काढलेल्या. हॅटट्रिकचा बॉल! आमच्या गल्लीतल्या बायका, पोरं, सगळे उभे. मी तर श्वास धरून बसलेली. तो रनअपला वळला आणि माइकवरून आवाज आला, "बॉलर, थांब थांब. साहेबांचं आगमन झालेलं आहे, दोन्ही संघांनी रांगेत उभं राहावं."

सामना थांबला. हलगी, फटाके, हार, शाल, फेटा. साहेब चामड्याचे बूट घालून सरळ पिचवर. पोरं त्या पिचवर संध्याकाळी पाणी मारतात, रोलर फिरवतात, कुणाला चपलेनं पाय ठेवू देत नाहीत.

आपल्याला वाटतं हे सगळं इथलंच. तसं नाही, जगभर हेच चाललंय. इंग्लंडचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन वर्षानुवर्षं सांगायचे, मी ॲस्टन व्हिला या फुटबॉल क्लबचा. २०१५ च्या निवडणुकीच्या भाषणात तोंडातून निघालं वेस्ट हॅम, म्हणजे दुसराच क्लब! जर्सीचे रंग दोघांचे सारखेच, पण ज्यानं आपल्या टीमसाठी रात्री जागवल्यात त्याची जीभ अशी घसरत नाही. इथं माझ्या भाच्याला झोपेतून उठवून विचारा, टीम कुठली ते. नेत्यांना गर्दी पाहिजे असते, आणि क्रिकेटच्या मैदानावर ती आयती जमलेली असते. सभेला माणसं आणायला गाड्या लावाव्या लागतात, नाश्त्याची पाकिटं वाटावी लागतात. फायनलला लोक स्वतःच्या पायानं येतात.

हा, सगळे तसे नसतात, हे मान्य करते. शेषराव वानखेडे राजकारणातलेच होते, आणि त्यांनी मनावर घेतलं म्हणून मुंबईत ते स्टेडियम उभं राहिलं. आणि मंडेलांचं नाव घेतलं की मला गप्प बसावंच लागतं. २४ जून १९९५, जोहान्सबर्गला रग्बीच्या वर्ल्डकपची फायनल. मंडेला स्प्रिंगबॉकची, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी टीमची, हिरवी जर्सी घालून मैदानात आले, पाठीवर कॅप्टन पिनारचा सहा नंबर. ती जर्सी गोऱ्यांच्या राजवटीची खूण होती, काळे लोक मुद्दाम समोरच्या टीमला टाळ्या वाजवायचे. मंडेलांनी आपल्याच माणसांचा राग ओढवून घेतला आणि ती घातली. त्या जर्सीची त्यांनी किंमत मोजली. आमच्या साहेबांनी काय मोजलं? जर्सी आयोजकांनी शिवली, बॅट पोरांची, वेळ पण पोरांचा.

वेळावरून आठवलं. साहेबांना बॅटिंग करायची होती. माइकवाला म्हणतो, "हळू टाक बे, साहेबांना लागंल." भाच्यानं खालून टाकावा तसा हळू टाकला. फोटोवाल्याला अँगल मिळाला नाही म्हणून परत टाकायला लावला. ज्या पोराच्या हातात हॅटट्रिकचा बॉल होता त्याला लॉलीपॉप टाकायला लावले, तेही टाळ्या वाजवून! मग भाषण. मी पण लहानपणी फार खेळायचो वगैरे.

आणि बक्षिसांचं बोलायचं तर बोलूच. ५ जुलै २०२४ ला विधानभवनाच्या मध्यवर्ती सभागृहात रोहित, सूर्या, शिवम दुबे आणि यशस्वीचा सत्कार झाला, संघाला राज्याकडून ११ कोटी जाहीर झाले. टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकल्याचा आनंद मलाही झाला, रोहित मराठीत बोलला तेव्हा अंगावर काटा आला. पण बीसीसीआयनं त्याच संघाला आधीच १२५ कोटी दिले होते. महिन्याभरात आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ आणलं. तेव्हा रेल्वेत टीसी असलेला पोरगा. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या ब्राँझनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ऑलिंपिकमधलं हे पहिलंच वैयक्तिक पदक. त्याला आधी १ कोटी जाहीर झाले, पुढं २ कोटी. त्याच्या वडिलांनी उघड नाराजी बोलून दाखवली तेव्हा लोकांनी त्यांनाच हावरट ठरवलं. का? नेमबाजीला ओपन बसमधून मिरवणूक निघत नाही, मरीन ड्राइव्हवर गर्दी होत नाही. जिथं गर्दी नाही तिथं नेत्याचं प्रेमही नाही.

आपल्या जिल्ह्याचंच बघा ना. मिरे गावची किरण नवगिरे, २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना टी-ट्वेंटीत ७६ बॉलमध्ये नाबाद १६२. भारतीय बाईनं असा स्कोअर आधी केला नव्हता. शेतकऱ्याच्या घरची पोरगी इतक्या लांबच्या राज्याकडून खेळत होती तेव्हा तिचा डिजिटल मी एका चौकात पाहिला नाही. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेनं २०१४ च्या एशियन गेम्समध्ये सानिया मिर्झाबरोबर टेनिसमध्ये ब्राँझ आणलं, किती जणांना आठवतंय? वेळापूरसारख्या गावात पोरं-पोरी पिढ्यानपिढ्या खो-खो खेळतात. मी स्वतः शाळेत खो-खो खेळलेय, गुडघे फोडून घेतलेत. जानेवारी २०२५ ला प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला टीमनं दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप जिंकला तेव्हा मी घरात एकटी रडले. नेत्यांची अभिनंदनाची पोस्ट आली, हो, आली. सामना किती जणांनी बघितला?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. भाच्याला मघाशी फोन केला, म्हटलं त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारते, पोराचं तोंड का झाकलं म्हणून. तर तो म्हणतो, "जाऊ दे मावशी. लाइटचा खर्च त्यांनीच केला होता. ते नसते तर सामनेच झाले नसते." वीस वर्षांचं पोरगं इतकं समजूतदार बोलतं तेव्हा जीव तुटतो. त्याच्याकडं त्या रात्रीचा एकच फोटो आहे, आणि त्यातही तो साहेबांना हळू बॉल टाकतोय.

नाही, पण हे मला पटत नाही. लाइट दिली म्हणजे सामना विकत घेतला का? ग्राउंड महापालिकेचं, महापालिका आपल्या पैशावर चालते, आणि पोरांनी दिवे लागले म्हणून जन्मभर उपकार मानायचे? साहेब गेले तोवर बॉल दवानं ओला झाला होता, पोराचा हात गार पडला होता. पुढचा बॉल सिक्स गेला, मग मॅचही गेली. हॅटट्रिक झालीच असती असं मी म्हणत नाही. पण त्याला तो बॉल टाकू द्यायला पाहिजे होता.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पार्क मैदानावर रणजीचा सामना झाला, महाराष्ट्र आणि मणिपूर. मी गेले होते. उन्हात पायऱ्यांवर म्हातारी माणसं टोपी सरकवत बसलेली, प्रत्येक चांगल्या बॉलला मान डोलवत. त्यांना ना हार, ना माइक. नेत्यांनी तसं येऊन बसावं ना! पूर्ण सेशन बसा, आपली टीम हरली तर आमच्याबरोबर शिव्या घाला, शेवटचा बॉल पडल्यावर खुशाल हार घालून घ्या. मी स्वतः तुमचा फोटो काढीन.

तर या रविवारी भाचा आणि त्याचे मित्र वर्गणी काढून सामने भरवतायत, दिवसा, म्हणजे लाइटचा प्रश्नच नाही. प्रमुख पाहुणा नाही, चषकाला कुणाचं नाव नाही. चेंडू, पाणी आणि अंपायरच्या जेवणाला थोडे पैसे कमी पडतायत. ज्यांना द्यायचेत त्यांनी मला मेसेज करा, आणि सकाळी आठला या, पहिली मॅच वेळेवर सुरू होणार आहे.