झटपट अनारसे आणि न पडणारी जाळी

दिवाळी किंवा अधिक महिना जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. ‘तांदूळ तीन दिवस भिजवणं ही गिरण्या नव्हत्या तेव्हाची सवय. आता तांदळाचं तयार पीठ, पिठीसाखर, दूध आणि चिमूटभर सोडा घ्या; अर्ध्या तासात तेच अनारसे. शिवाय आंबवलेलं पीठ म्हणजे सडवलेलंच. आणि अनारसा तसाही महाराष्ट्रातला दिवाळीपुरता पदार्थ.’

गिरणीचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. कोकणात तांदळाची भाकरी रोजची. तिचं पीठ जात्यावर दळायचं म्हणून कुणी तीन दिवस तांदूळ भिजत घालत नसे. अनारशासाठीच घालत, कारण इथे पीठ ओलसर लागतं.

तयार पिठाने नेमकं हेच बिघडतं. गिरणीतलं पीठ कोरडं असतं, त्याचा गोळा बांधायला वरून दूध किंवा पाणी घालावं लागतं. अनारशाच्या पिठात वरून पाण्याचा थेंब पडत नाही. जुना, जाडा तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून पंच्यावर सावलीत पसरायचा. हाताला दमट लागला पाहिजे, पण पाणी लागता कामा नये. मग मिक्सरवर थोडा थोडा दळून मैद्याच्या चाळणीने चाळायचा. किलोभर ओलसर पिठाला पाऊण किलो किसलेला चिकीचा नसलेला गूळ आणि दोन चमचे साजूक तूप. घट्ट मळून, गोळे करून डब्यात चार-पाच दिवस ठेवायचं. या दिवसांत गूळ पिठातला ओलावा ओढून घेतो आणि सगळीकडे सारखा मुरतो. म्हणून पहिल्या दिवशी भुरभुरीत वाटणारं पीठ पाचव्या दिवशी आपोआप सैल होतं. तळताना हा मुरलेला गूळ वितळतो, आतल्या ओलाव्याची वाफ वाट काढत बाहेर पडते आणि जाळी पडते. झटपट पिठाला मुरायला वेळच मिळत नाही. त्याची गोड पुरी होते; खायला वाईट नसेलही, पण तो अनारसा नव्हे.

साखरेला मात्र आक्षेप नको. साखरेचे पांढरे अनारसेही जुनेच आहेत; भिजवणं आणि मुरवणं तिथेही सुटत नाही.

आता ‘सडवलेलं’. भिजलेल्या तांदळात जे होतं ते इडलीच्या पिठात होतं त्याच जातीचं आंबणं. हलका आंबूस वास येणारच. रोजचं पाणी बदलायचं ते हा आंबूसपणा आटोक्यात ठेवायला. पाणी बदललं नाही तर तांदळाला तार सुटते आणि घाण वास येतो. तसा तांदूळ टाकूनच द्यावा. एकदा गूळ मिसळला की पीठ टिकाऊ होतं, कारण त्यातलं पाणी गुळाने धरून ठेवलेलं असतं. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ते महिनाभर सहज राहतं. बुरशी दिसली तर वरचा थर काढून बाकीचं वापरायची काटकसर करू नये.

‘दिवाळीपुरता’ म्हणणाऱ्यांनी अधिक मासाचं वाण विसरू नये. जावयाला 33 अनारसे द्यायची रीत आहे, आणि वाणाचा पदार्थ जाळीदारच हवा. अनारसे जमले नाहीत तर बत्तासे देतात तेही त्याचमुळे. 2023 साली अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट, ऐन पावसात. अशा हवेत तांदूळ पंख्याखाली वाळवावा लागतो आणि वेळही जास्त लागतो. घाई केली तर पीठ ओलं राहतं आणि पुढे सगळंच चुकतं. राहिला महाराष्ट्राचा हक्क: बिहारमध्ये अनरसा घरोघरी ओळखीचा आहे. गयेत तो वर पांढरे तीळ लावून, आत खवा भरूनही करतात. खसखस ही आपली.

शेवटी सोडा. तुपात अनारसा पसरून विरघळू लागला, म्हणजे ‘हसला’, की सोडा घाला असं तो फिरणारा मजकूर सांगतो. सोड्याने तो आणखी हसतो. हसण्याची मुख्य कारणं दोन: गूळ जास्त किंवा तूप पुरेसं तापलेलं नाही. आधी एक छोटा अनारसा सोडून बघावा. तरीही पसरला तर पिठात एक-दोन चमचे तांदळाची कोरडी पिठी मिसळून अर्धा तास झाकून ठेवावं. उलट कडक झाला, जाळी पडली नाही, तर पीठ कोरडं आहे. थोडं पिकलं केळं किंवा चमचाभर दूध पुरतं. खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून मध्यम आचेवर सोडायचा, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं, उलटायचा नाही. उलटला तर खसखस जळते. आणि काढल्यावर आडवा रचायचा नाही, चाळणीत उभा लावायचा, म्हणजे जाळीत अडकलेलं तूप निथळतं.