'प्रोबेशनवरच्या माणसाला कधीही काढता येतं' हे अर्धंच खरं

'सरकारी नोकरीत प्रोबेशनवाल्याला कधीही काढता येतं आणि मुदत संपली की तो आपोआप कायम होतो,' असा मेसेज फिरतो आहे. दोन्ही विधानं अर्धवट आहेत.

काम असमाधानकारक म्हणून सेवा संपवायला पूर्ण विभागीय चौकशी लागत नाही, हे खरं. पण आदेशाचा पाया गैरवर्तनाचा आरोप असेल, तर ती शिक्षा ठरते. मग राज्यघटनेच्या कलम 311(2) प्रमाणे आरोप कळवून बाजू ऐकावी लागते. 1974 च्या शमशेर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदेशाच्या साध्या भाषेमागचं खरं कारण तपासलं. म्हणून आदेश शब्दन् शब्द वाचा. 'काम समाधानकारक नाही' एवढ्याने सहसा कर्मचाऱ्याच्या नावाला कलंक लागत नाही; 'अफरातफर केली' याने लागतो, आणि मग आदेश शिक्षा ठरतो. कार्यालयं नेमकी इथे चुकतात: आरोपांची चौकशी कर्मचाऱ्याच्या पाठीमागे उरकायची आणि आदेश मात्र साधा काढायचा. हा सरळ अन्याय आहे.

मुदत संपल्याने कोणी आपोआप कायम होत नाही. नियमात प्रोबेशनची कमाल मर्यादा असेल आणि ती उलटूनही नोकरीत ठेवलं, तर तो कायम झाल्याचं मानता येतं (धरम सिंग प्रकरण, 1968). त्यामुळे आधी आपले सेवा नियम काढून बघा. कामाबद्दल मिळालेला प्रत्येक मेमो आणि आपल्या उत्तराची पोच जपून ठेवा.