‘साथ आली तर दवाखाना बघेल, पंचायतीचा काय संबंध?’

जुलाबाची किंवा काविळीची साथ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक म्हणणं हमखास फिरतं: आरोग्य हा सरकारी दवाखान्याचा विषय. पंचायतीनं फार तर टाकीत पावडर टाकावी. तिच्याकडे ना अधिकार, ना पैसा, आणि गावची आरोग्य समिती म्हणजे नुसता सह्यांचा कागद. यातलं एकही खरं नाही.

‘आरोग्य पंचायतीकडे येतच नाही.’ राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय आहेत. त्यात अकरावा पिण्याचं पाणी आणि तेविसावा आरोग्य व स्वच्छता. तेविसाव्यात तर प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखाने नावानिशी आहेत. डॉक्टर सलाइन लावतात तेव्हा दूषित पाणी पोटात गेलेलं असतं. ते अडवायची जागा पंचायतीच्या टाकीवर आहे.

‘पावडर टाकली की झालं.’ सगळ्यात जास्त घात या समजुतीनं होतो. चांगल्या टीसीएलमध्ये, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीत, सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये, म्हणून तिचा नमुनाही प्रयोगशाळेत जायला हवा. 1000 लिटरला 5 ग्रॅम धरले तर 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम लागते. ती तराजूवर मोजायची, मुठीनं नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लगदा करायचा, मग बादली पाऊण भरून ढवळायची, दहा मिनिटं ठेवायची आणि फक्त वरची निवळी टाकीत ओतायची. खाली बसलेला चुना टाकीत गेला तर व्हॉल्व्ह चोंदतात, पाणी चुनकट लागतं आणि लोक पुन्हा ओढ्याकडे वळतात. निवळी ओतल्यावर निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही.

आणि ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते थेंब टाकून बघायची चाचणी, टाकीपाशी करून थांबायचं नाही, शेवटच्या नळावर करायची. थेंब टाकताच पाणी पिवळं झालं पाहिजे. तिथं लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. टाकीपाशी पिवळं आणि शेवटच्या नळाला बिनरंगी निघालं, तर मधल्या गळतीचा संशय आधी घ्यायचा. पाणी बंद झालं की नळवाहिनीत पोकळी होते आणि फुटक्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. टाकीपाशीच रंग नसेल, तर पावडर मेलेली आहे किंवा मात्रा कमी पडली आहे. (ओटीचं द्रावण विषारी असतं. तपासलेलं पाणी प्यायचं नाही, हाताला लागलं तर धुवायचं.)

‘पैसाच नाही.’ राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावच्या समितीसाठी वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित (गरजेप्रमाणे खर्च करता येणारा) निधी ठरलेला आहे. 2021-26 साठीच्या 15व्या वित्त आयोगानं तर पंचायतींच्या अनुदानातली 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरल्या कामांसाठीच, ठेवली, निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी.

‘समिती कागदावर, आणि वाडी-वस्तीचे सदस्य नुसते शोभेला.’ केंद्राच्या मार्गदर्शक सूचना किमान 15 सदस्य, त्यात निम्म्या तरी महिला, प्रत्येक वस्तीचा माणूस आणि दरमहा बैठक असं सांगतात. शेवटचा नळ बहुतेक वेळा दलित वस्तीत किंवा पाड्यावर असतो, म्हणून तिथली बाई समितीत हवी. पाणी गढूळ आल्याचं तिला सकाळी सहाला कळतं, आरोग्यसेवकाला आठवड्यानं. पण बैठक दुपारी बाराला ठेवली तर मजुरीवर जाणारी येणार कशी? आणि माडीवर ठेवली तर कुबडी घेणारा? संध्याकाळी, तळमजल्यावर घ्या. पंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचेच असतात. उपकेंद्राच्या पायऱ्यांशेजारी उतार नसेल तर तो विषय इथंच मांडता येतो. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला आलेल्यांची नावं गावच्या मतदारयादीत नसतात, पण पाणी ते इथलंच पितात. त्यांच्या कोपीजवळच्या विहिरीचाही नमुना घ्यायला सांगा.

येत्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) तीन गोष्टी मागा: टीसीएलचा साठा, रोजची ओटी नोंदवही आणि पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल. नोंदवहीत तीसही दिवस एकाच पेनानं, एकाच हातानं, एकसारखंच ‘पिवळा’ लिहिलेलं दिसलं, तर शेवटच्या नळाचं पाणी तिथंच मागवून सगळ्यांसमोर थेंब टाकून बघा.